सौम्य म्हणजे किती

मी ज्यांच्या घरी तीन वर्षं भाड्यानं राहिले, त्या गृहस्थांचा विशेषणांवर राग होता. खोली बघायला गेले तेव्हा मी सहज विचारलं, "कॉलेज इथून जवळच आहे ना?" ते म्हणाले, "जवळ का लांब ते तुमच्या पायावर हाय. अंतर म्हणाल तर आठशे चाळीस मीटर. पावसाळ्यात नऊशे दहा, ओढ्याला वळसा पडतो."

गाव बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण पुढं पोलिसांचा विषय निघणार आहे आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची आहे. मी तिथल्या ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. मूळची नाशिककडची. तिकडच्या बोलीची सवय व्हायला मला सहा महिने लागले. साहेबांच्या मते पाच महिने आणि वीस दिवस.

गावात त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणत. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर उरलेलं जग मोजायला घेतलं. सदऱ्याच्या खिशात टेप कायम. सकाळी फिरायला जाताना पावलं मोजायचे, त्यामुळं वाटेत कुणी रामराम घातला तर शंभराचा आकडा पुरा झाल्याशिवाय उत्तर मिळायचं नाही. तोवर रामराम घालणारा पुढच्या गल्लीत पोहोचलेला असायचा. साहेब मग मोकळ्या रस्त्याला रामराम करून पुढं चालू लागायचे.

त्यांची बायको, आम्ही काकू म्हणायचो, मोठी गमतीची बाई. चेहरा न हलवता बोलायची. मुलगी बघायला आले तेव्हा यांनी काय विचारलं, ते तिनं मला सांगितलं होतं. नाव नाही, शिक्षण नाही, स्वयंपाक नाही. विचारलं, विहीर घरापासून किती लांब आहे. काकूंनी मान खाली घालून उत्तर दिलं, "भरलेली घागर घेऊन आलं तर लांब, रिकामी घेऊन गेलं तर जवळ." यावर म्हणे ते माझ्या वडलांना म्हणाले, मुलगी पसंत आहे, पण तिचं म्हणणं तपासावं लागेल.

"तपासलं का मग?" मी विचारलं.

"लग्नानंतर घागर घेऊन गेलते की," काकू म्हणाल्या. "दोन खेपा केल्या. मला सोडून समद्या गावानं बघितलं."

चूक दिसली की ती दुरुस्त करायला लावणं, हा त्यांचा दुसरा छंद. वडवणीच्या रस्त्यावर एक मैलाचा दगड होता. त्यावरचं अंतर तीनशे मीटरनं चुकलेलं होतं. साहेबांनी त्यासाठी बांधकाम खात्याला चार वर्षं पत्रं लिहिली. शेवटी खात्यानं दगडच काढून टाकला. मला वाटलं, आता हे चिडतील. पण ते समाधानानं म्हणाले, "ठीक झालं. खोटं बोलण्यापरीस गप बसलेलं बरं."

त्यांचं एक वाक्य होतं, ते कुठंही लागू पडायचं. "विशेषण आलं की समजायचं, हद्द सरकली." शेतकरी मोजणीच्या वेळी म्हणतो, आमचं रान जरा पलीकडंपर्यंत आहे. या 'जरा'वर दोन भावांचे खून पडलेले आपण पाहिलेत, असं ते सांगायचे.

आणि त्यांचा वरच्या कचेरीवर विश्वास होता. आता हा विश्वास मोजणी खात्यातल्या माणसालाच शोभतो. तिथं रीत अशी, की एकदा झालेली मोजणी पटली नाही तर तालुक्याचा वरचा अधिकारी येऊन पुन्हा मोजतो, तिला निमताना मोजणी म्हणतात. तीही पटली नाही तर जिल्ह्याचा अधिकारी येतो, ती सुपर निमताना. साहेबांचं जगाबद्दलचं सगळं तत्त्वज्ञान या दोन शब्दांत बसलेलं होतं. खाली चुकलं तर वर दुरुस्त होतं. वर म्हणजे कुठं, एवढाच प्रश्न.

तो प्रश्न पडायची वेळ आली ती गायरानामुळं.

गावाबाहेर माळाच्या कडेला मेंढपाळांची वस्ती आहे, तीसेक घरांची. त्यांची मेंढरं पिढ्यानपिढ्या शेजारच्या गायरानात चरत आली. एके दिवशी त्या गायरानाला तारेचं कुंपण पडलं. आत सौर विजेच्या प्लेटा बसणार होत्या. कागद कुठं झाले, सही कुणी केली, वस्तीला काही पत्ता नव्हता. कुंपणात पाण्याच्या तळ्याकडं जाणारी वाटही गेली. वस्तीतली माणसं मेंढरं घेऊन फाटकासमोर जाऊन बसली. अकरा दिवस बसली. भाकरी तिथंच, भजन तिथंच. रस्ता अडवला नाही, कुणाला शिवी दिली नाही. येणारे जाणारे त्यांना हसत, कारण मेंढरांनाही आंदोलनात बसवलंय असं दिसायचं.

बाराव्या दिवशी सकाळी पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. अर्ध्या तासात फाटकासमोरची जागा मोकळी झाली. मी तेव्हा वर्गात होते. साहेब बीडला डोळ्यांच्या दवाखान्यात होते. दोन्ही डोळ्यांत औषध घातलेलं, दहा फुटांवरचं माणूस दिसत नव्हतं. संध्याकाळी एस.टी.तून उतरले तेव्हा रिक्षावाल्यानं हात धरून घरी आणलं आणि त्यानंच सगळं सांगितलं. तेवीस जण जखमी, तेवीसच जणांवर गुन्हा. जखमी आणि आरोपी यांची यादी एकच होती, त्यामुळं पोलिसांचं काम वाचलं. चाळीस मेंढरं कोंडवाड्यात.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. 'जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी सौम्य बळाचा वापर केला.' मीच त्यांना वाचून दाखवत होते, कारण डोळे अजून चुरचुरत होते. त्यांनी मला थांबवलं.

"सौम्य म्हणजे किती?"

मी म्हटलं, काका, ते असं लिहितातच.

त्यांनी पोलीस ठाण्याला फोन लावला. फोनवरच्या हवालदारानं कोण बोलतंय ते विचारलं, कावून, म्हणजे कशासाठी, विचारताय ते विचारलं आणि शेवटी सांगितलं की सौम्य म्हणजे सौम्य. साहेबांनी उत्तर आणि वेळ, दोन्ही वहीत लिहून घेतलं. मग टेप काढला, तो सरळ करून पाहिला आणि मला म्हणाले, "मॅडम, उद्या रविवार हाय. माझ्यासंगं वस्तीवर यावं लागंल. बायामाणसांचं मला मोजता यायचं न्हाई."

काय मोजायचं, ते मला वस्तीवर गेल्यावर कळलं.

तिथं आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. वस्तीचे म्हातारे पुढारी म्हाळूआबा दारात बाजेवर पडले होते, पायाला फळी बांधलेली. साहेबांना बघून त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. थोड्या वेळानं भिंतीकडंच बघत म्हणाले, "मोजल्यानं जमीन कमी होत न्हाई, आबा."

मला काही समजलं नाही. साहेबांना समजलं होतं. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी ते गायरान त्यांनीच मोजलं होतं. कशासाठी, ते वरून कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. विचारणं मोजणीच्या कामात बसत नाही. वस्तीची माणसं घाबरून गोळा झाली, तेव्हा साहेबांनीच म्हाळूआबांना हे वाक्य सांगितलं होतं. त्यांच्या जेवणाच्या डब्यात म्हाळूआबांच्या सुनेनं ताक वाढलं होतं त्या दिवशी. सौर प्लेटांच्या कंपनीच्या कागदाला जो नकाशा जोडलेला होता, त्यावर सही साहेबांची होती.

साहेब अंगणात दगडावर बसले. मीही बसले. ऊन चढलं. अशी दोन तास आम्ही बसलो असू. शेवटी ती सून, सुंदरा तिचं नाव, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. उजवा हात प्लास्टरात. डाव्या हातानं तांब्या ठेवला, बाही दातांनी वर ओढली आणि तोच दंड पुढं केला.

"मोजा," ती म्हणाली. "कुणीतरी मोजायलाच पायजे."

त्या दिवशी आणि पुढचे दोन रविवार आम्ही माणसं मोजली. पुरुषांचे वळ साहेब मोजायचे. बायकांच्या वेळी ते दाराबाहेर पाठ करून वही घेऊन बसायचे आणि मी आतून आकडे सांगायची. म्हाळूआबांच्या बायकोनं, धोंडाबाईनं, चोळी वर केली तेव्हा मी टेप दोनदा लावून बघितला. मी आकडा सांगितला. लांबी एकतीस सेंटिमीटर, रुंदी अडीच. बाहेरून ते म्हणाले, "परत सांगा." त्यांना ऐकू आलं होतं. मी परत सांगितलं.

घरी येऊन त्यांनी आलेख कागदावर प्रत्येकाचं अंग काढलं, प्रमाणशीर, जमिनीचा नकाशा काढावा तसं. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. काकूंनी तो कागद चुलीच्या उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "माणूस कुशीवर वळला तर उत्तर कुठं जाती?" साहेब अर्धा दिवस विचारात पडले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नकाशाखाली टीप आली, 'इसम उभा, तोंड पूर्वेस.'

हे कागद जोडून त्यांनी आधी तालुक्याला दरखास्त दिली. मग जिल्ह्याला. मग मुंबईला, दोन ठिकाणी. उत्तरं आली. सगळ्या उत्तरांत एकच वाक्य होतं, की आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवण्यात येत आहे. संबंधित म्हणजे आमच्या गावचं पोलीस ठाणं. अशा रीतीनं तोच अर्ज चार दिशांनी त्याच इन्स्पेक्टरच्या टेबलावर येऊन पडला. मुंबईचे कागद सगळ्यात उशिरा आले, एवढाच फरक.

पुढचं पाप माझं. एका संध्याकाळी ते चौथं उत्तर वाचून बसले होते. मी थट्टेत बोलून गेले, "आता काका, जिनिव्हालाच लिहा."

त्यांनी मान वर केली. "तिथं काय हाय?"

मी मोबाइलवर शोधून सांगितलं. सगळ्या देशांनी मिळून चालवलेलं एक कार्यालय आहे, शांतपणे जमणाऱ्या माणसांना सरकारनं मारलं तर त्याची तक्रार तिथं करता येते, ते लोक सरकारला जाब विचारतात. म्हणजे पत्र लिहून विचारतात.

"म्हणजे सुपर निमतान्याच्या वरचं," साहेब म्हणाले. "पत्ता?"

तक्रार इंग्रजीत करायची होती. ते काम माझ्याकडं आलं आणि आमची भांडणं सुरू झाली. मी वर्गात मुलांना भाषा जिवंत करा म्हणून सांगणारी. मी लिहिलं होतं, निष्पाप मेंढपाळांना अमानुष मारहाण झाली. साहेबांनी मला प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला. निष्पाप कसं ठरवलं? म्हाळूआबानं तरुणपणी दुसऱ्याचं कोकरू आणलंतं, ते सगळ्या गावाला माहीत हाय. अमानुष म्हणजे किती? मी चिडून म्हटलं, अहो, वाचणाऱ्याला काही वाटायला नको का? ते म्हणाले, "वाटायचं ते त्याला वाटू द्या. आपण आकडा द्यावा."

सगळी विशेषणं गेली. उरलं ते असं: अकरा दिवस बसले. बाराव्या दिवशी सकाळी मारले. माणसं तेवीस. वळ एकसष्ट. त्यातले पाठीवर बेचाळीस, म्हणजे माणसं तोंड फिरवून पळत होती. हाडं मोडली तीन. सर्वांत लांब वळ एकतीस सेंटिमीटर, वय वर्षं सत्तर, बाई. मी तो कागद पुन्हा वाचला आणि त्यानंतर त्यांच्याशी भांडले नाही.

मेलनं पाठवलं, पण मेलवर त्यांचा भरवसा नव्हता, कारण त्याची पोहोच हातात येत नाही. म्हणून रजिस्टर पोस्टानंही पाठवायचं ठरलं. पोस्टातल्या बाईंनी पाकीट वजन केलं आणि पिनकोड विचारला. साहेबांनी चार आकडे सांगितले. बाई म्हणाल्या, पिनकोडला सहा आकडे असतात. साहेब म्हणाले, तिथं चारच असतात, देश लहान आहे. बाईंच्या संगणकाला हे पटेना. पोस्टमास्तर उठून आले, रांगेतली माणसं पुढं सरकली, कुणीतरी पुढं दोन शून्यं जोडा म्हणालं. जी जागा नाही तिथलं शून्य साहेब कसं लिहून देतील? पाऊण तासानं पोस्टमास्तरांना परदेशाचा वेगळा रकाना सापडला. पण तोवर गावाला कळलं होतं की मोजणीसाहेबांनी जिनिव्हाला पत्र धाडलं.

आठवड्यात त्या बातमीला पाय फुटले. मोजणीसाहेबांनी म्हटल्यावर मोजणीचाच अर्ज असणार. म्हणजे परदेशातून मोजणीवाले येणार. कुणी म्हणे तिघं येणार, कुणी म्हणे हेलिकॉप्टरनं. साहेबांना विचारलं की ते खरं तेच सांगायचे, "कुणी येणार असं मला कुणी कळवलं न्हाई." यावर लोक डोळे मिचकावायचे. सरकारी माणूस, गुप्त ठेवणारच.

मग जे चार अर्जांनी झालं नव्हतं ते व्हायला लागलं. कोंडवाड्यातली मेंढरं सुटली. वस्तीकडं जाणाऱ्या रस्त्याचे खड्डे बुजले आणि दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा पडल्या. तहसीलमधला एक लिपिक मला कॉलेजात येऊन विचारून गेला, की परदेशी पाहुण्यांना आपलं पिठलं चालतं का. एक मोठे अधिकारी पहिल्यांदाच वस्तीवर गेले आणि त्यांनी म्हाळूआबांना विचारलं, काही त्रास आहे का? म्हाळूआबा म्हणाले, "आता न्हाई साहेब. त्या दिवशी होता."

एक परदेशी खरोखर आलाही. पाटोद्याकडच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत, तिथलं यंत्र दुरुस्त करायला चाललेला कुणी इंजिनिअर, आमच्या स्टँडवर चहाला उतरला. दहा मिनिटांत तलाठी आले, दोन पोलीस आले, उपसरपंच हार घेऊन आले. सगळ्यांनी मिळून त्याला सांगितलं की इथं सर्व शांत आहे. त्यानं हार घालून घेतला, सगळ्यांशी हात मिळवला आणि संडास कुठं आहे ते विचारलं.

मग इन्स्पेक्टर घरी आले. वयानं तरुण, बोलायला गोड. काकूंनी चहा ठेवला. त्यांनी आधी डोळ्यांची चौकशी केली, मग पेन्शन वेळेवर येतं का ते विचारलं. साहेब म्हणाले, एक तारखेला येतं. इन्स्पेक्टर म्हणाले, येत राहो. मग थोडं थांबून मुद्द्यावर आले.

"साहेब, घरातलं भांडण घरात मिटवावं. जगापुढं कावून न्यायचं? देशाची बदनामी होती."

"घरातलं घरात, बरोबर हाय," साहेब म्हणाले. "पण घरातल्यानंच मारलं, तर हाक शेजाऱ्यालाच मारावी लागती."

इन्स्पेक्टरनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा खरंच दुखावलेला दिसत होता. "आमी सौम्यच मारलं हो," ते म्हणाले. "आईशपथ सांगतो. वरून तर ऑर्डर…" आणि तिथंच थांबले.

साहेबांनी वही पुढं सरकवली. "लिहून देता?"

इन्स्पेक्टर उठले. जाताना काकूंना नमस्कार करून गेले. पंधरा दिवसांनी कोर्टात पुरवणी दोषारोपपत्र दाखल झालं. त्यात चोविसावा आरोपी वाढला होता. सदर इसमानं घटनास्थळी हजर राहून, हातवारे करून जमावास चिथावणी दिली. सदर इसम म्हणजे आमचे साहेब.

काकू तेवढ्या एकदाच घाबरलेल्या मी पाहिल्या. रात्री जेवल्या नाहीत. सकाळी मात्र म्हणाल्या, "हातवारे करून, म्हणे. चाळीस वर्षांत या माणसानं मला हात करून कधी बोलावलं न्हाई. किती पावलांवर हाय ते सांगतो, मग मी जाते."

जिनिव्हाहून आधी दोन ओळींचं छापील उत्तर आलं होतं. तक्रार मिळाली, आमच्याकडं फार तक्रारी येतात, प्रत्येकीला उत्तर देणं जमेलच असं नाही. साहेब म्हणाले, खरं लिहिलंय. वस्तीवर जाऊन त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. कुणाची निराशा झाली नाही. वस्तीला उत्तर आलं याचंच नवल होतं.

नंतर बऱ्याच महिन्यांनी जाड पाकीट आलं. तिथल्या लोकांनी खरोखरच दिल्लीला विचारलं होतं आणि दिल्लीनं उत्तर दिलं होतं. दोन्ही कागद जोडलेले. मी साहेबांना वाचून मराठीत सांगू लागले. सरकारच्या उत्तरात एका जागी मी अडखळले. ते म्हणाले, काय लिहिलंय ते सांगा. मी म्हटलं, इंग्रजी शब्द वेगळा आहे, पण मराठीत करायचा तर सौम्यच होईल.

ते हसले. तीन वर्षांत मी त्यांना मोठ्यानं हसताना तेवढं एकदाच ऐकलं. "शब्द जिनिव्हाला पोचला," म्हणाले. "बिनतिकिटाचा."

पण पहिल्या कागदात, म्हणजे त्या लोकांनी दिल्लीला जे विचारलं होतं त्यात, आमचे आकडे होते. तेवीस माणसं, एकसष्ट वळ, सगळे, मी लिहिले तसेच. साहेबांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि लगेच चपला घातल्या. आम्ही वस्तीवर गेलो. बाया भोवती जमल्या. सुंदरानं विचारलं, यात माझा कुठला? साहेबांनी जोडलेल्या तक्त्यात दाखवला. सतरा सेंटिमीटर, डावा दंड. ती बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिली, तिला इंग्रजी येत नव्हतं तरी. धोंडाबाई मागून पुढं आल्या.

"माझा एकतीसचा," त्या सुनेला म्हणाल्या. "माझा मोठा हाय."

सगळ्या बाया हसल्या. धोंडाबाईही हसल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या.

कुंपणाचं म्हणाल तर जिल्ह्याहून माणसं आली आणि पुन्हा मोजणी झाली. साहेबांच्याच नकाशावरून. कुंपण एका बाजूला एकोणीस मीटर बाहेर आलेलं निघालं. तेवढं मागं सरलं, तळ्याची वाट मोकळी झाली. बाकीचं गायरान प्लेटांखाली गेलं ते गेलंच. त्याचे कागद बरोबर होते. मेंढरं आता लांबच्या डोंगरावर जातात. निम्मी विकली.

खटला मात्र चालू होता. मी ते गाव सोडायच्या आधी कॉलेजला सुट्टी होती म्हणून एका तारखेला मी त्यांच्याबरोबर कोर्टात गेले. चोवीस आरोपी दोन जीपमधून आलेले. वकील तरुण होता, हुशार होता, फी न घेता काम करत होता. त्यानं साहेबांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की तुमची सुटका सोपी आहे. त्या दिवशी तुम्ही बीडला होता. दवाखान्याचा कागद आहे, त्यावर वेळ आहे, एस.टी.चं तिकीटही तुम्ही जपून ठेवलंय. एक अर्ज टाकू, पुढच्या तारखेला तुमचं नाव निघेल.

साहेबांनी विचारलं, "बाकीच्यांचं?"

बाकीच्यांचं चालेल, वकील म्हणाला. पाच वर्षं, सात वर्षं, सांगता येत नाही.

मी मनात म्हटलं, झालं. तीनशे मीटरसाठी चार वर्षं पत्रं लिहिणारा माणूस, हा आपल्या नावावरचं इतकं धडधडीत खोटं एक दिवस चालू देणार नाही. तो अर्ज त्यांनी टाकायलाच हवा होता. त्यात चूक काही नव्हतं. घरी काकू एकट्या होत्या, यांचं वय सदुसष्ट, डोळे अधू.

साहेब व्हरांड्यात जाऊन बाकाच्या टोकाला बसले. म्हाळूआबा काठी टेकत आले आणि शेजारी बसले. त्या पहिल्या दिवसानंतर त्या दोघांत कामापुरतंच बोलणं झालं होतं. आबांनी वकिलाचं ऐकलं असावं.

"साहेब, काढून घ्या नाव," ते म्हणाले. "तुमी त्या दिवशी नव्हताच की तिथं."

"नव्हतो," साहेब म्हणाले. "यायला पायजे होतं."

आबांनी कोपरीच्या खिशातून चंची काढली, पान लावलं आणि अर्धं साहेबांपुढं धरलं. साहेब पान खात नसत. त्यांनी ते घेतलं.

आतून पुकारा सुरू झाला. शिरस्तेदार भराभर नावं वाचत होता आणि एकेक माणूस उठून हजर म्हणत होता. चोविसावं नाव वाचलं गेलं तेव्हा तोंडात पान असल्यामुळं साहेबांना बोलता येईना. त्यांनी हात वर केला.